परतून येणारा अग्निबाण

दिवाळीच्या रात्री बाटलीत उभा करून सोडलेला बाण एकदा वर गेला की पुढे त्याची चौकशी कोणी करीत नाही. तो कोठे पडला, त्याची काडी कोणाच्या कौलांत अडकली, कोणाच्या गवताच्या गंजीवर विझली की पेटली, याचा विचार सोडणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो. ठिणग्यांची एक रेघ आणि शेवटचा आवाज एवढ्यासाठीच तो विकत घेतलेला असतो. परंतु अग्निबाणाचा आणखी एक खेळ जगात आहे आणि त्याचा नियम याच्या नेमका उलट आहे. तेथे अग्निबाण वर गेला की निम्मेच काम झाले असे समजतात. तो हवाई छत्रीला लटकून धडपणे खाली आला, त्याचा एकही पंख मोडला नाही आणि नवी मोटर घालून पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत तो हाती लागला, तरच उड्डाण पुरे झाले. सोडणाऱ्याची जबाबदारी बाण सोडल्यावर संपत नाही, तर तो परत मिळेपर्यंत चालू राहते, हे या खेळाचे पहिले सूत्र होय.

अमेरिकेत आणि युरोपात या छंदाला आता सहा दशकांहून अधिक परंपरा आहे. त्यात शक्तीप्रमाणे पायऱ्या केलेल्या आहेत. तळाच्या पायरीवर वीतभर लांबीची, काही तोळे वजनाची खेळणी असतात. वरच्या पायरीवर परवान्याशिवाय हाताळता न येणारी अवजड यंत्रे असतात. या दोहोंच्या मध्ये जी पायरी आहे तिला मध्यम शक्तीचा अग्निबाण म्हणतात. कमरेपासून छातीपर्यंत उंची, अर्धा ते दीड किलो वजन, पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे अथवा प्लायवूडचे पंख, असा त्याचा थाट असतो. सुटे भाग पेटीतून येतात आणि जुळणी ज्याची त्याने करायची असते. त्यातही प्रत्यक्षात कधी काळी उडालेल्या एखाद्या अग्निबाणाची मापात तंतोतंत प्रतिकृती करून ती उडविणे हे या छंदातले कसोटीचे काम मानले जाते. आमच्या मुलांना एका टोकाला दिवाळीचा बाण ठाऊक आहे आणि दुसऱ्या टोकाला दूरचित्रवाणीवर दिसणारे श्रीहरिकोट्याचे उड्डाण ठाऊक आहे. या दोन टोकांच्या मधला जिना आमच्याकडे जवळजवळ बांधलेलाच नाही. म्हणून या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांला अगत्याचे वाटते.

हा छंद जन्माला आला तो एका सामाजिक संकटातून. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले होते. लोखंडी नळ्यांत जस्ताची पूड आणि गंधक ठासून मुले घरामागच्या आवारात ते पेटवीत. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि हे वेड अधिकच फैलावले. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या कोळशाच्या खाणींच्या गावात वाढलेल्या होमर हिकम यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत याचे प्रांजळ वर्णन केले आहे. त्यांच्या पहिल्याच प्रयोगात आईच्या गुलाबांच्या वाफ्याचे कुंपण उडाले. ते सुदैवी ठरले. त्या काळात अनेक मुलांची बोटे गेली, डोळे गेले, काहींचे प्राणही गेले. अशा वेळी समाजासमोर दोनच मार्ग असतात असे सामान्यतः मानले जाते. एक सरसकट बंदीचा आणि दुसरा डोळेझाकीचा. अमेरिकेतील काही विचारी माणसांनी तिसरा मार्ग शोधला.

नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या लहानशा गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे एक गृहस्थ पादत्राणांचे दुकान चालवीत. शोभेची दारू हाताळण्याचा परवाना त्यांच्याकडे होता. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा नाद होता आणि ते या विषयावर व्याख्याने देत. त्या व्याख्यानांत दाखविण्यासाठी म्हणून कार्लाइल यांनी १९५४ साली कागदाची नळी, लाकडी पंख, बदलता येणारी छोटी मोटर आणि परतीसाठी हवाई छत्री असलेला एक अग्निबाण तयार केला. पुढे १९५७ साली व्हाइट सँड्स या चाचणी-क्षेत्रावर सुरक्षेचे काम पाहिलेले अभियंता हॅरी स्टाइन यांचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. मुलांच्या जिवावर बेतणाऱ्या या खेळाचे काय करावे, ही स्टाइन यांची विवंचना होती. कार्लाइल यांनी त्यांना आपले नमुने पाठविले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले आणि आपल्याला हवे ते उत्तर हेच, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९५८ साली व्हर्न एस्टिस यांनी कोलोरॅडोत मोटारी बनविणारे यंत्र उभे केले. साडेपाच सेकंदांना एक मोटर, आणि प्रत्येक मोटर पहिलीसारखीच.

या सर्व खटाटोपाचे मर्म एका रेषेत आहे. दारू कालवणे, ठासणे आणि पेटवणे हे काम मुलाच्या हातून काढून कारखान्याच्या स्वाधीन केले. आखणी, बांधणी, गणित आणि उड्डाण हे सारे मुलाकडे ठेवले. ज्यात धोका होता पण शिकण्यासारखे थोडे होते ते काढून घेतले, आणि ज्यात शिकण्यासारखे पुष्कळ होते ते हातांत दिले. सोबत एक आचारसंहिता दिली. सांगाडा कागद, लाकूड, प्लास्टिक यांचाच असावा. काडीने वात कधीही पेटवू नये. विजेच्या तारेने, दूर उभे राहून, किल्ली घातल्याशिवाय चालू न होणाऱ्या कळीनेच प्रज्वलन करावे. उभ्या रेषेपासून तीस अंशांहून अधिक कलते सोडू नये. ताशी ३२ किलोमीटरहून जोराचा वारा असल्यास उडवू नये. पाच अंक मोठ्याने उलटे मोजावेत. बाण सुटला नाही तर किल्ली काढून साठ सेकंद जवळ जाऊ नये. विजेच्या तारांवर अडकलेला अग्निबाण काढायला कधीही चढू नये. नियम थोडेच आहेत आणि प्रत्येकाचे कारण मुलाला समजेल असे आहे. कारण समजलेला नियम पाळण्यासाठी पहारेकरी ठेवावा लागत नाही.

आता शक्तीचा हिशेब पाहू. मोटारींना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिलेली असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते. 'ए' मोटर अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'बी' पाच, 'सी' दहा, 'डी' वीस. त्यापुढे 'ई' चाळीस, 'एफ' ऐंशी आणि 'जी' एकशे साठ. शेवटची तीन अक्षरे म्हणजे स्थूलमानाने मध्यम शक्तीचा प्रांत. मोटारीवर 'एफ ५०-६' असे छापलेले असेल तर तिचा सरासरी रेटा ५० न्यूटन आणि इंधन संपल्यापासून छत्री बाहेर फेकेपर्यंत सहा सेकंदांचा अवकाश, असा अर्थ होतो. समजा, अग्निबाणाचे वजन ८०० ग्रॅम, म्हणजे सुमारे आठ न्यूटन आहे. वजनाच्या निदान पाचपट रेटा असावा असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. तेव्हा ४० न्यूटन हवेत आणि ही मोटर चालेल. दीड मीटर लांबीचा गज सोडताना अशा अग्निबाणाचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास असतो. पंखांना हवेची पकड मिळण्यास तेवढा पुरतो. मोटर दीड सेकंदात संपते, तोवर वेग ताशी अडीचशेच्या घरात जातो, आणि मग नुसत्या वेगावर तो दोन-अडीचशे मीटरांपर्यंत चढतो. नववीच्या पुस्तकातील न्यूटनचे नियम फळ्यावर अनेकदा निर्जीव वाटतात. येथे ते चुकले तर आठवडाभराची मेहनत जमिनीत रुतते.

प्रतिकृतीसाठी मूळ कोणते निवडावे, हा विवेकाचा आणि तंत्राचाही प्रश्न आहे. उपग्रह नेणारे महाकाय अग्निबाण दिसायला भव्य, परंतु त्यांचे पंख अगदी लहान असतात किंवा नसतातच. त्यांना दिशा देण्याचे काम यंत्रणा करते. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत ती यंत्रणा नसते. म्हणून वातावरणाचा वेध घेणारे, मोठ्या पंखांचे साधे अग्निबाण या कामाला उत्तम. त्यांपैकी 'नाइकी-स्मोक' हे छंदवाल्यांचे फार आवडते मूळ. लांब टोकदार शंकू, चार रुंद पंख, मध्ये सरळ नळी. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत तो सोडीत तो वरच्या हवेतील वारे मोजण्यासाठी. चढताना तो मागे धुराची रेघ सोडी, वारा ती रेघ वाकवी आणि छायाचित्रांवरून वाऱ्याचा वेग काढला जाई. यातली नाइकी मोटर मुळात विमानविरोधी क्षेपणास्त्राची होती. शस्त्राची प्रतिकृती मुलांच्या हाती का द्यावी, असे कोणी विचारील तर आमचे म्हणणे असे की, संहारासाठी घडविलेली मोटर वारा मोजण्याच्या कामी कशी लागली, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

या नाइकीशी आपलेही नाते आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून भारतभूमीवरचा पहिला अग्निबाण वर गेला तो अमेरिकेने दिलेला 'नाइकी-अपाची' होता आणि त्याचा खालचा टप्पा हीच नाइकी मोटर होती. मच्छीमारांच्या त्या गावात सेंट मेरी मॅग्डालीनच्या चर्चमध्ये आपल्या तरुण अभियंत्यांनी कार्यालय थाटले होते. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी तेथूनच आपल्या देशात घडविलेला पहिला अग्निबाण 'रोहिणी-७५' उडाला. नावातील ७५ हा आकडा त्याच्या व्यासाचा आहे आणि तो मिलिमीटरमध्ये आहे. बेचाळीस सेंटिमीटर व्यासाची नाइकी-स्मोक साडेपाचपट आकसली म्हणजे जेवढ्या जाडीच्या नळीत बसते, जवळजवळ तेवढ्याच जाडीचा हा आपला पहिला स्वदेशी अग्निबाण होता! त्याची प्रतिकृती करायची तर व्यास कमी करण्याची गरजच नाही. आज पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात १३८ टन घन इंधन भरणाऱ्या देशाचा आरंभ मनगटापेक्षा थोड्या जाड नळीतून झाला, हे आपण विसरतो. त्या घन इंधनाच्या उभारणीत आघाडीवर होते वसंत गोवारीकर. परदेशातून १९६७ साली परतलेला हा मराठी शास्त्रज्ञ पुढे थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा संचालक झाला. मध्यम शक्तीच्या मोटारीत जे चाळीसएक ग्रॅम इंधन असते तेही बहुधा त्याच कुळातले. अमोनियम परक्लोरेट, अॅल्युमिनियमची पूड आणि त्यांना बांधून ठेवणारे कृत्रिम रबर.

बांधणीचे काम घाईच्या माणसाचे नव्हे. आधी मूळ अग्निबाणाची रेखाचित्रे आणि छायाचित्रे जमवायची. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या स्पर्धांत, ज्यांतील पहिली जागतिक स्पर्धा १९७२ साली तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील वर्शात्स येथे झाली, प्रतिकृतीसोबत हे पुरावेही परीक्षकांसमोर ठेवावे लागतात. 'मला असे वाटले' हे उत्तर तेथे चालत नाही. मग प्रत्येक माप साडेपाचाने भागायचे. मुळातला सोळा मिलिमीटरचा बोल्ट येथे तीन मिलिमीटरचा होतो. पंख कापताना लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवायचे, नाहीतर पहिल्याच धक्क्याला ते चिरतात. या शक्तीच्या अग्निबाणात पंख नळीला नुसते बाहेरून चिकटवून भागत नाही. नळीला खाचा पाडून ते आत मोटारीच्या नळीपर्यंत नेतात आणि दोन्ही ठिकाणी इपॉक्सीने सांधतात. कागदाला कागद जोडायला मात्र सुतारांचे फेव्हिकॉल पुरते. लाकडाची छिद्रे लांबी भरून बुजवायची, पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. रंग सर्वांत शेवटी, आणि तोही बेताने, कारण रंगालाही वजन असते आणि ते बहुधा शेपटीकडे साचते.

शेपटीकडच्या या वजनात सारे रहस्य आहे. अग्निबाणाचे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते तो गुरुत्वमध्य आणि हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो दाबमध्य. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे असला पाहिजे. तो मागे गेला तर अग्निबाण गजावरून सुटताच गिरक्या घेतो आणि कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम राहत नाही. दाबमध्य काढण्याचे सोपे गणित जेम्स बॅरोमन या नासातील अभियंत्याने १९६६ साली छंदवाल्यांच्याच मेळाव्यात मांडले. गणित ज्यांना जमत नाही त्यांनी मोटर भरलेला अग्निबाण गुरुत्वमध्याशी दोरीने बांधून डोक्याभोवती गरगर फिरवावा. नाक पुढे राहिले तर बहुधा भय नाही. ते डगमगले तर शंकूत शिशाचे छर्रे घालावेत. माप आकसते, हवा मात्र आकसत नाही. ती पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीलाही खऱ्या अग्निबाणासारखीच वागवते.

उड्डाणाचा दिवस हा परीक्षेचा दिवस. या शक्तीसाठी मैदानाची बाजू निदान तीनशे मीटर लागते आणि प्रज्वलनाच्या वेळी सर्वांनी नऊ मीटर दूर राहावे लागते. आकडा वाचून तो पुष्कळ वाटेल. पण हिशेब करा. अडीचशे मीटरांवरून सेकंदाला पाच मीटरने उतरणाऱ्या छत्रीला खाली यायला पन्नास सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी अठरा किलोमीटरचा साधा वाराही तिला अडीचशे मीटर दूर नेतो. म्हणून जाणते लोक छत्रीच्या माथ्यावर भोक पाडतात किंवा लहान छत्री वापरतात. छत्री आणि मोटर यांच्यामध्ये न जळणारा कागदी बोळा भरावयास विसरले तर छत्री वितळून तिचा गोळा होतो. घडी ओलसर राहिली तर ती उघडत नाही. अवकाश चुकीचा निवडला तर छत्री भर वेगात उघडून दोरी तुटते. असे झाले म्हणजे अग्निबाण नाकावर कोसळतो आणि महिनाभराच्या कामाचे तुकडे गोळा करावे लागतात. चूक कोणाची, याचा वाद तेथे होत नाही. ती तुकड्यांतच लिहिलेली असते.

या छंदाला राज्यसत्तेशी झगडावेही लागले. मोठ्या मोटारींतील इंधन हे स्फोटक आहे असे ठरवून अमेरिकेच्या संघीय विभागाने ६२.५ ग्रॅमहून अधिक इंधनाच्या मोटारींवर परवान्याची सक्ती चालविली. हे इंधन जळते, त्याचा स्फोट होत नाही, असे छंदवाल्यांचे म्हणणे होते. त्यांच्या दोन संघटनांनी २००० साली न्यायालयात दाद मागितली आणि नऊ वर्षांनी, २००९ च्या मार्चमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. विभागाने आपल्या म्हणण्याला पुरेसा शास्त्रीय आधार दिला नाही, असे न्यायमूर्तींनी ठरविले. नियम मोडून नव्हे, नियमाची कारणे मागून मिळविलेला हा विजय होता. अर्धशतक ज्यांनी स्वतःच्या संहितेचे काटेकोर पालन केले, त्यांना ती कारणे मागण्याचा नैतिक अधिकार होता. स्वातंत्र्य आणि शिस्त यांना परस्परविरोधी समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ ची नियमावली यांच्या कक्षेत हा विषय येतो आणि त्याची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली केंद्रीय संघटना पाहते. कायदा असावा, याबद्दल दुमत नाही. फटाक्यांच्या कारखान्यांतील आगींच्या बातम्या छापून आमचे हात थकले आहेत. घरी दारू कालवण्याला उत्तेजन देणारा एकही शब्द आम्ही लिहिणार नाही. आपल्याकडे तयार मोटर पेठेत सहज मिळत नाही आणि उत्साही मुले पडद्यावर पाहून स्वयंपाकघरात साखर आणि सोरा शिजवू पाहतात, हाच खरा धोका होय. १९५७ साली अमेरिका ज्या वळणावर होती तेथे आज आपण आहोत. मार्ग मात्र निघू शकतो. २०२५ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात 'इन-स्पेस' या केंद्रीय संस्थेच्या पुढाकाराने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अग्निबाण स्पर्धा झाली आणि मुलांनी बांधलेले अग्निबाण तेथे अधिकृतपणे उडाले. जे कुशीनगरला झाले ते अन्यत्र होऊ नये असे कोणतेही कारण नाही.

आमच्या गोव्यापुरते बोलायचे तर अडचणी उघड आहेत. दाबोळी नौदलाची, मोपाचे पठार २०२३ पासून विमानतळाचे. उरलेल्या सड्यांवर पावसाळा संपला की गवत वाळून कोळ होते आणि दुपारी समुद्राचा वारा सुटतो. पण याच अडचणींतून रीतही सुचते. गवत काढलेली एक मोकळी जागा, वर्षातून दोन ठरलेल्या सकाळी, विमानतळाची आणि अग्निशामक दलाची पूर्वसंमती, मोटारींचा साठा परवानाधारक जबाबदार व्यक्तीच्या कुलपात, आणि प्रत्येक शाळेमागे एक प्रशिक्षित शिक्षक. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेने यजमानपद घेतले, शिक्षण खात्याने पत्र दिले आणि नागपूरच्या अधिकाऱ्यांनी अटी स्पष्ट शब्दांत लिहून दिल्या, तर एवढे खचित जमेल. खर्चाचा बाऊ करणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की, नरकासुराच्या एका रात्रीत आपण किती जाळतो?

कौशल्याची उणीव तर नाहीच. चतुर्थीचे मखर आणि दिवाळीचा आकाशकंदील बांधणारी बोटे पुठ्ठा, काठी आणि कागद यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्या बोटांना माप, तोल आणि हिशेब यांची जोड हवी आहे. पहिली प्रतिकृती आमच्या मुलांनी रोहिणी-७५ ची करावी. तिला त्यांनी स्वतः पंख लावावेत, स्वतः तोलून पाहावे, अंक उलटे मोजावेत, आणि ती छत्रीला लटकून उतरू लागली की धावत जाऊन आधी तिचे पंख शाबूत आहेत की नाही ते पाहावे. वर गेलेल्या वस्तूची खाली येईपर्यंत काळजी वाहणारी ही सवय त्यांना पुढे प्रयोगशाळेत, कारखान्यात आणि सार्वजनिक जीवनातही उपयोगी पडेल. ती लावून देण्याचे काम सरकारचे, शाळांचे आणि पालकांचे आहे. येत्या दिवाळीपूर्वी निदान एक बैठक तरी याबाबत व्हावी, अशी आमची मागणी आहे.